छत्तीस हप्त्यांचा फोन

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय वैजू,

आम्ही सगळे ठीक. केदारची पाठ अधूनमधून धरते, अद्वैतला सर्दी झाली होती, गेली. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव. तब्येतीचं एवढंच.

ईमेलनेच पाठवतेय, पण पत्रासारखं निवांत बसून वाच. काल आम्ही फोन घ्यायला गेलो आणि फोन न घेता परत आलो. व्हॉट्सॲपवर हे लिहिलं आणि पुसून टाकलं. तू लगेच ‘कोणता घेत होतात?’ विचारलं असतंस आणि सगळं बोलणं कॅमेऱ्यावर गेलं असतं. अण्णांना सांगायची सोय नाही, ते रात्रभर जागतील. केदारशी बोलायला जावं तर आवाज चढतो. इथे बाकी कुणाला सांगितलं तर ‘अगं, फोनच तर आहे’ म्हणतील. तू तसं म्हणणार नाहीस.

झालं असं की केदारच्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते आणि माझ्या फोनचा आवाज समोरच्याला विहिरीतून आल्यासारखा जातो. दिवाळी तोंडावर, दोघांचे नवे घेऊ म्हणून महिनाभर चर्चा चालली होती. केदारने नेहमीप्रमाणे तक्ता केला. (हो, तोच रंगीत रकान्यांचा. तू त्याला ‘पंचांग’ म्हणायचीस, आता अद्वैतही म्हणतो.) त्यात इथल्या तिन्ही मोठ्या मोबाइल कंपन्या. व्हेरायझन आणि एटी अँड टी फोनची किंमत ३६ महिन्यांत वसूल करतात, टी-मोबाइल बहुतेक फोनांना २४ महिने लावतं. व्याज कुणीच घेत नाही. जुना फोन द्या, महागातला अनलिमिटेड प्लॅन घ्या, की नवा ‘फुकट’. फुकट म्हणजे कसा, तर आयफोन १७ प्रोची किंमत १०९९ डॉलर, ३६ने भागली की महिन्याला ३० डॉलर ५३ सेंट. बिलात तो हप्ता लागतो आणि त्याच बिलात तेवढंच क्रेडिट वजा होतं. असं ३६ वेळा. मधेच सेवा सोडली, की पुढची क्रेडिटं बुडाली आणि राहिलेली रक्कम एकदम भरायची. वर्षभराने सोडलं तर साधारण ७३३ डॉलर. शिवाय आपल्या न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर पहिल्याच दिवशी, पूर्ण किमतीवर. म्हणजे फुकटच्या फोनचे ७३ डॉलर दारातच गेले. हे सगळं तुला तोंडपाठ आहे, तू यातून गेलीस. तरी लिहितेय, कारण काल हे आकडे मला वेगळेच दिसले.

दुकानातला मुलगा गुणी होता. वीस-बावीसचा असेल, गुजराती, ओक ट्री रोडलाच वाढलेला. घाई करत नव्हता. मी आयफोन हातात घेतला आणि कडेने नख फिरवत सिमचा ट्रे शोधायला लागले. सगळी कड गुळगुळीत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४पासून ट्रेच नाही, नुसतं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं, हे मला माहीत होतं, तरी नख फिरवल्यावर पोटात खड्डा पडला. माझं साताऱ्याचं सिम कुठे घालू? बँकेचे ओटीपी त्यावर येतात, अण्णांच्या एफडीचे निरोप त्यावर येतात, आणि तू दर वेळी न सांगता रिचार्ज मारतेस म्हणून तो नंबर जिवंत आहे. मुलगा म्हणाला, ‘आंटी, इंडियामध्येही ई-सिम मिळतं.’ मिळतं, जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया सगळे देतात. पण साताऱ्याचा नंबर एडिसनमध्ये बसून ई-सिमवर न्यायचा, अधेमधे कुठे अडकला की ओटीपी बंद, आणि ओटीपी बंद म्हणजे सगळंच बंद. मग त्याने गूगलचा पिक्सेल १० दाखवला. त्यालाही इथल्या मॉडेलला ट्रे नाही. सॅमसंग एस२५ला आहे. त्याने टाचणीने काढून दाखवला, पत्र्याची ती एवढीशी चौकट. खरं सांगते, कॅमेरा, स्क्रीन काही पाहिलं नाही, तो फोन मला तिथेच आवडला.

केदारला आयफोनच हवा होता. ठीक आहे म्हटलं, तू तो घे, मी हा घेते. मुलाने टॅबलेटवर सगळं भरलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. वर नाव, पत्ता, खाली दोन फोन, प्रत्येकापुढे ३६ आणि शेवटच्या ओळीत शेवटच्या हप्त्याचा महिना, ऑक्टोबर २०२८. त्याखाली बोटाने सही करायची चौकट.

माझं बोट उठलं नाही, वैजू.

ऑक्टोबर २०२८ला अद्वैत नववीत असेल. नववीत गेलेलं पोर कुणी उचलून साताऱ्याला नेतं का? तूच म्हणाली होतीस की न्यायचं तर पाचवी-सहावीच्या आत, मग मुलं आपल्या मित्रांची होतात. तो आत्ता सहावीत आहे. अण्णा तेव्हा ब्याऐंशीचे असतील. आणि आमचं ‘अजून दोन वर्षं’ हे परतीचं वाक्य तू इथून नाशिकला गेलीस तेव्हाही दोनच वर्षांचं होतं. आजवर ते कुणी कागदावर लिहून समोर धरलं नव्हतं. काल एका गोड पोराने धरलं.

केदारचं म्हणणं अगदी साधं. त्याच्या नोकरीच्या व्हिसाचं, एच-१बीचं, एक्स्टेन्शन तीन वर्षांचं मिळालंय, फोनही तीन वर्षांचा, मग अडचण काय? मी म्हटलं, तीच तर अडचण आहे. तीन वर्षं कुणी दिलीत आपल्याला? नोकरी गेली तर हातात ६० दिवस, तेवढ्यात दुसरी शोधायची नाहीतर गाशा गुंडाळायचा, आणि माझं एच-४, बायकोचा व्हिसा, त्याच्याच पायाला बांधलेलं. गेल्या महिन्यात एच-१बीवर ती एक लाख डॉलरच्या फीची घोषणा झाली तेव्हा तू रात्री दोनला फोन केला होतास. नव्या अर्जांपुरतीच आहे, आपल्याला लागू नाही, हे कळायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत शिरीनच्या भावाने मुंबईच्या विमानतळावरून परतीचं तिकीट काढलं, चारपट पैसे मोजून. ग्रीन कार्डाच्या रांगेत ईबी-२ या आमच्या गटात भारतीयांचा नंबर २०१३च्या अर्जांपाशीच रेंगाळतोय आणि आमचा अर्ज आहे २०१७चा. केदारच्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणाचं तरी टेबल रिकामं होतं. आणि हा माणूस ३६ महिन्यांचा करार करतो, का, तर फोन फुकट आहे!

गंमत बघ, लॉकचे, म्हणजे फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम कधी चालू द्यायचं याचे, नियमही असेच. टी-मोबाइलचा फोन पूर्ण पैसे फिटल्यावर आणि निदान ४० दिवस वापरल्यावर सुटतो. एटी अँड टीचा पैसे फिटल्यावर आणि निदान ६० दिवस वापरल्यावर. व्हेरायझनचा मात्र हप्ते चालू असतानाही ६० दिवसांनी आपोआप सुटतो. त्यांनी २००८च्या लिलावात ज्या मोबाइलच्या लहरी (स्पेक्ट्रम) घेतल्या, त्यांच्यासोबत सरकारने फोन लॉक न ठेवण्याची अट घातली होती, साठ दिवसांची मुभा नंतर दिली. तक्त्यात केदारने हा रकाना ठेवलाच नव्हता. मी रात्री भरला. साठ दिवस त्यांच्या फोनला सुटायला आणि साठ दिवस आपल्याला निघायला. ते दोन आकडे शेजारी शेजारी बघून मी लॅपटॉप मिटला.

तुझा फोन आठवला मग. नाशिकला उतरलीस, उत्साहाने सिम घातलंस आणि स्क्रीनवर ‘सिम नॉट सपोर्टेड’. हप्ते राहिले होते म्हणून लॉक सुटला नव्हता. आणि तो नंबर माझ्या फॅमिली प्लॅनवर, म्हणून राहिलेली रक्कम माझ्या बिलात आली. मी भरली. तू मला न विचारता ती रुपयांत अण्णांच्या खात्यावर टाकलीस. त्यावरून मी तुझ्याशी महिनाभर बोलले नाही आणि आज विचारलंस तरी सांगेन, तू ते करायला नको होतंस. मैत्रिणीचे पैसे असे वडिलांच्या खात्यावर परत करतात? त्यातून अण्णांनी मला फोन करून विचारलं, ‘वैजयंतीला काही उसने दिले होतेस का?’ अजून संताप येतो.

आणि नेवार्क ॲव्हेन्यूवर डोसा खाताना तू जे बोललीस तेही विसरले नाहीये. ‘नीले, तू हिशेब फार करतेस, म्हणून तू इथेच राहणार.’ मी तेव्हा उठून गेले होते, सांबार तसंच टाकून. पण हिशेब केल्याशिवाय माणसाने दोन घरं कशी सांभाळायची, ते तू सांगितलं नाहीस. सुहासची बाग होती तुमच्याकडे, परत जायला जमीन होती. केदारला साताऱ्यात कोण नोकरी देणार? पुण्यात मिळेलही. पण मग अण्णा साताऱ्यात आणि आम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, हे परत येणं झालं का? या प्रश्नाशी येऊन मी दर वेळी थांबते. फोन घ्यायला गेले तेव्हा हे काही डोक्यात नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

मुलाला सांगितलं, आज नको. तो म्हणाला, ‘नो प्रॉब्लेम आंटी, ऑफर अजून आहे.’ गाडीत केदार एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, ‘तू फोनला नाही म्हणालीस की मला?’ इतकं लागलं ते. तो दुष्टपणाने नाही बोलला. त्यालाही भीती वाटते, फक्त त्याची भीती वस्तू घेते आणि माझी वस्तू परत ठेवते. नवा सोफा, नवी गाडी, मोठा टीव्ही, सगळं तो ‘आता इथेच आहोत ना’ असं स्वतःला पटवायला आणतो, असं मला अलीकडे दिसायला लागलंय. त्याला हे बोलून दाखवलेलं नाही.

माझ्या मनात काय आहे सांगू? कंपनीकडून काहीच घ्यायचं नाही. दुकानातून रोख पैसे टाकून अनलॉक फोन घ्यायचा आणि दर महिन्याचा स्वस्त प्रीपेड. एस२५ ७९९ला आहे, वर ५३ डॉलर कर. पिक्सेल ९ए तर ४९९ला, त्यालाही सिमचा ट्रे आहे आणि सात वर्षं अपडेट मिळणार. एडिसनला चालेल, साताऱ्यालाही चालेल. केदार म्हणतो, हजार डॉलरचा फोन फुकट मिळत असताना तू पाचशे मोजणार? मोजणार. महागड्या प्लॅनचे तीन वर्षांचे जादा पैसे मी त्याच्याच तक्त्यात मांडून दाखवले, फुकटपणा बराचसा तिथेच विरघळला. पण खरं कारण ते नाही आणि त्यालाही ठाऊक आहे.

आता तुला जे विचारायचंय ते. तू निघालीस तेव्हा आधी जायचं ठरवलं होतंस, की आधी वस्तू घेणं बंद झालं आणि मग ठरलं? शेवटच्या वर्षी तू पडदे घेतले नव्हतेस, खिडकीला चादर लावली होतीस. आम्ही हसायचो. मला आता ती चादर सारखी दिसते. तेव्हा तुला माहीत होतं का? सुहासला सांगितलं होतंस का? मला खरंखुरं उत्तर हवंय, ‘होईल गं सगळं नीट’ नको.

पुढच्या शनिवारी पुन्हा जायचं ठरलंय. त्याआधी शुक्रवारी रात्री नऊला मी मोकळी आहे, म्हणजे तुझ्याकडे शनिवारी सकाळी साडेसहा. दूध तापवता तापवता बोल, पण बोल.

द्राक्षांच्या छाटण्या झाल्या का? या पावसाने घडांचं काय होणार म्हणून सुहास काळजीत होता. मनवाला कथकच्या परीक्षेबद्दल शाबासकी सांग, व्हिडिओ पाहिला, तिची मान अगदी तुझ्यासारखी वळते. चकली यंदा तुझ्या आईच्या भाजणीनेच केली आणि चक्क मोडली नाही. सुहासला आयफोन १७ हवाय ना? तिथे ८२,९०० आणि इथे ७९९ डॉलर हे बघून हुरळू नका. इथल्याला ट्रे नाही, तिथल्याला आहे. त्याला म्हणावं नाशिकलाच घे.

वहिनींना नमस्कार, मनवाला पापा.

तुझी,
नीलू

ता.क. माझ्या साताऱ्याच्या नंबरचं रिचार्ज या महिन्यात संपतंय. दिवाळीच्या गडबडीत विसरू नकोस. आणि पैसे मी तुलाच पाठवणार, तुझ्या वडिलांच्या खात्यावर नाही.