दादाच्या गोळ्या आणि उन्हाळा

मेलबर्न, २ एप्रिल

सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

परभणीत ऊन तापायला लागलं असेल, म्हणून आज फक्त दादाच्या मनाच्या आजारावरच्या लिथियमच्या गोळीबद्दल लिहितो. त्याचं मीठ कमी करायचं का, असं तुम्ही विचारलं होतं. एकदम कमी करू नका. किडनी मिठातलं सोडियम आणि लिथियम जवळपास सारखंच हाताळते. शेतातल्या आखाड्यावर दिवसभर घाम गाळला, मीठ-पाणी गेलं, की किडनी सोडियम धरून ठेवते आणि सोबत लिथियमही अडवते. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण चढतं. उलट मीठ एकदम वाढवलं तर प्रमाण उतरतं आणि आजार डोकं वर काढतो. म्हणून रोजचं मीठ रोजच्याइतकंच ठेवा आणि पाणी दिवसभर थोडं थोडं चालू राहू द्या. एकादशीला निर्जळी नको. भगरीत शेंदेलोण असू द्या. नवरात्रात तुळजापूरला चालत जायचं म्हणाला, तर आधी डॉक्टरांना विचारा.

गुडघ्यासाठी मेडिकलवरून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणू नका, त्यानंही रक्तातली लिथियमची लेव्हल चढते. पॅरासिटामॉल चालतं. बीपीची टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल किंवा लघवी वाढवणारी गोळी नव्यानं लिहून दिली, तर 'लिथियम चालू आहे' हे तिथल्या तिथे सांगा.

हे औषध १९४९ मध्ये इथल्याच मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर वापरून दाखवलं. जुनं आणि पारखलेलं आहे, पण गुणाच्या आणि विषाच्या मात्रेत अंतर फार थोडं आहे. म्हणून लेव्हल तपासणं टाळायचं नाही. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, म्हणजे बरोबर बारा तासांनी, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. लेव्हल साधारण ०.६ ते १.० (रिपोर्टात mmol/L) मध्ये यायला हवी. लॅबवाल्याला एक आवर्जून सांगा: हिरव्या झाकणाची नळी नको. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून बहुधा लिथियम हेपारिनच असतं, मग आकडा खोटाच जास्त येतो. क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी) आणि कॅल्शियमही दर सहा महिन्यांनी करून घ्या.

हाताची बारीक थरथर, तहान, रात्री लघवीला उठणं हे या औषधात होतंच. त्यानं घाबरू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्र कपातला चहा सांडेल इतका हात हलला, जीभ जड झाली, चालताना झोक गेला, जुलाब-उलट्या लागल्या किंवा गुंगी आली, तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आकडा फार चढलेला नसला तरी ही लक्षणं खरी धरायची.

एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. आणि 'आता बरा आहे, बंद करू' असं कुणी म्हटलं तरी मनानं बंद करू नका. एकदम तोडलं की आजार जोरात उलटतो. डॉक्टर लगेच मिळाले नाहीत तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मराठीत बोलतात.

मे लागायच्या आत लेव्हल करून घ्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा. आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा दीर