नाट्यगृहाचा आराखडा मंजूर करण्याआधी

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

कोकणात नवं नाट्यगृह मंजूर झालं की चर्चा होते ती आसनांची, वातानुकूलनाची आणि कोटींच्या आकड्याची. रंगमंचावरचा शब्द शेवटच्या रांगेत कसा पोचणार, हे सहसा कुणी विचारत नाही.

आमच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. समोरच्याचं वाक्य ऐकून नट तिथल्या तिथे उत्तर रचतो. बाजूला पेटी, मृदंग, झांज. देवळापुढच्या उघड्या जागेत आवाज फारसा परतत नाही, त्यामुळे शब्द स्वच्छ राहतो. तोच खेळ उंच छताच्या, गुळगुळीत गिलाव्याच्या सभागृहात नेला की झांज घुमत राहते आणि संवाद तिच्याखाली बुडतो. मग माइक चढवतात, त्याबरोबर घुमणंही चढतं.

यामागचं गणित सव्वाशे वर्षं जुनं आहे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या ठेवत-काढत मोजमापं घेतली. आवाज विरायला लागणारा वेळ, म्हणजे घुमण्याचा काळ, दालनाच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आत आवाज जितका शोषला जाईल तितका घटतो, हे त्यांनी दाखवलं. संवादप्रधान नाटकाला हा वेळ १ सेकंदाच्या आसपास हवा. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला २ सेकंदही शोभतात. निव्वळ दिमाखासाठी छत ६ मीटरवरून ९ मीटरवर नेलं, तर घुमण्याचा काळ दीडपटीकडे जातो. मागाहून लावलेले पातळ पडदे झांजेची धार कमी करतात, मृदंगाचा खर्ज मात्र तसाच राहतो.

मागची भिंत कमानीसारखी आत वळवली तर आवाज एकाच जागी गोळा होतो. सरळ आवाजापेक्षा १७ मीटर जास्त फिरून आलेला आवाज सुमारे ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो जोरदार असेल तर शब्द फाटतो.

शिवाय आपला पाऊस! नुसत्या पत्र्याखाली आषाढात नाटक करणं नटावर अन्याय आहे. पत्र्याखाली जड, वेगळं छत हवंच.

न्यूयॉर्कचं फिलहार्मोनिक सभागृह १९६२ मध्ये उघडलं आणि ध्वनिदोषांपायी १९७६ मध्ये आतून पाडून पुन्हा बांधावं लागलं. आपल्याला तसा खर्च झेपणार नाही.

म्हणून कळकळीची विनंती: आराखड्याच्या पहिल्या बैठकीला ध्वनितज्ज्ञ आणि दशावतार, नमन ही लोकनाट्यं करणारे कलावंत दोघेही असावेत. घुमण्याचा काळ निविदेत आकड्यानं लिहावा, आणि ठेकेदाराचं अंतिम बिल प्रत्यक्ष मोजणीनंतरच निघावं.

कळावे,
सिंधुदुर्गातील एक नाट्यरसिक