सनद एका घरची, हद्द दुसऱ्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला फ्रीमेसन मंडळींवरचा, म्हणजे दीक्षा घेऊन सभासद होणाऱ्या जुन्या बंधुसंस्थेवरचा, लेख वाचला. लेखकाने गूढ हस्तांदोलन आणि त्रिकोणातला डोळा यांवर दोन रकाने खर्च केले, त्याबद्दल तक्रार नाही. तो माल खपतो. पण लेखातली दोन विधाने साफ चुकीची आहेत. एक, मुंबईतल्या साऱ्या लॉज या 'लंडनच्या मुख्यालयाच्या शाखा' आहेत. दोन, परदेशात नवी लॉज काढताना होणारे वाद हा 'पडद्याआडचा सत्तासंघर्ष' असतो. दुसरी चूक पहिलीच्याच पोटातली आहे. मुख्यालय नावाचे काही नाही, म्हणूनच तर वाद होतात. आणि ते पडद्याआड नसतात. त्यांची पत्रे, ठराव, बहिष्काराचे हुकूम सगळे छापलेले आहे.

(ठाण्यात लॉज म्हटले की स्टेशनबाहेरची 'बोर्डिंग-लॉजिंग'ची पाटी आठवते. इथे लॉज म्हणजे सभासदांचा ठरावीक गट, इमारत नव्हे. एकाच इमारतीत दहा लॉज आळीपाळीने भरू शकतात.)

या विषयातला कळीचा शब्द सनद, म्हणजे लॉज चालवण्याचे अधिकारपत्र. लॉजला सनद देते ती ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजवरची सर्वोच्च संस्था. लंडनची १७१७ मध्ये उभी राहिली, आयर्लंडची १७२५ पासून आढळते, स्कॉटलंडची १७३६ ची. तिघींपैकी कोणी कोणाच्या हाताखाली नाही. सनदेचा कागद दिवाणखान्यात टांगायची तसबीर नव्हे. इंग्लिश नियमाप्रमाणे तो प्रत्येक बैठकीला हजर लागतो. सभासद, वस्त्रे, अवजारे सगळे जागेवर असले आणि सनद नसली तर लॉज उघडत नाही. हरवली किंवा जळाली तर मूळ ग्रँड लॉजकडून पुष्टीची सनद मागवावी लागते. सनद नसलेल्या लॉजमध्ये दीक्षा घेतलेला माणूस बाकीच्यांच्या लेखी मेसनच नव्हे.

आता एकाच गावात दोन घरांच्या, म्हणजे दोन ग्रँड लॉजच्या, सनदी आल्या तर? याचे उत्तम उदाहरण लंडन-पॅरिसमध्ये शोधायला नको, ते मुंबईतच आहे. मुंबईतली पहिली लॉज १७५८ ची, इंग्लिश सनदेची. १८३६ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने डॉ. जेम्स बर्न्स यांना पश्चिम हिंदुस्थानसाठी प्रांतिक ग्रँड मास्टर, म्हणजे त्या भागातल्या आपल्या लॉजचा प्रमुख, नेमले. डॉक्टर इथे हजर आणि लंडन जहाजाने काही महिन्यांवर. प्रश्न पडला, परवानगी हवी झाली, तर लोक कोणाकडे जाणार? इंग्लिश सनदेखालची माणसे स्कॉटिश बाजूला सरकत गेली, आणि मुंबईतले इंग्लिश काम १८४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जवळपास निपचित पडले. कोणी कोणावर स्वारी केली नव्हती. कोणाचा अधिकारी हाकेच्या अंतरावर आहे, यावर हद्द फिरली.

त्यातूनच १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही स्कॉटिश सनदेची लॉज निघाली. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या लॉजने आत घेतले नव्हते. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली होती. बर्न्स यांनी हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून ही वेगळी लॉज उभी केली. सनदी देणारे घर एकच असते आणि त्याने दार लावून घेतले असते, तर हे घडले नसते. हद्दीच्या वादांना नुसती नाके मुरडणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी.

अमेरिकेतल्या मेसन मंडळींचा नियम मात्र याच्या उलट. तिथे प्रत्येक राज्याची ग्रँड लॉज स्वतंत्र, आणि एका राज्यात एकच. बाहेरच्या कोणी तिथे सनद दिली की ती घुसखोरी. १८५० च्या दशकात हेच न्यूयॉर्कमध्ये झाले. पिथॅगोरस नावाची जर्मन भाषकांची लॉज न्यूयॉर्कच्या ग्रँड लॉजखाली सुखाने चालत होती. तिने ते छत्र सोडून हॅम्बुर्गच्या ग्रँड लॉजची सनद घेतली. न्यूयॉर्कने हॅम्बुर्गशी संबंध तोडले. जर्मन भाषेला कोणाची हरकत नव्हती, आधी त्याच भाषेत काम चालतच होते. हरकत होती ती कागदावरच्या शिक्क्याला.

लुइझियानात १८६८ मध्ये फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने (तिथली ग्रँड लॉजसारखीच संस्था) राज्यातल्या एका प्रतिस्पर्धी सुप्रीम कौन्सिलला, म्हणजे वरच्या पदव्यांच्या मेसन संस्थेला, मान्यता दिली. हे कौन्सिल वर्ण न पाहता सभासद घेत होते. लुइझियानाच्या ग्रँड लॉजने फ्रान्सवर बहिष्कार टाकला आणि अमेरिकेतल्या इतर ग्रँड लॉज तिच्या मागे गेल्या. हद्दीचा नियम तात्त्विक खरा, पण त्याच्या आडून काय काय राखले जाते तेही इथे दिसते.

प्रिन्स हॉल यांचे प्रकरण तर याहून बोलके. बॉस्टनमधल्या या कृष्णवर्णीय गृहस्थांना आणखी चौदा जणांसह १७७५ मध्ये ब्रिटिश पलटणीबरोबर फिरणाऱ्या आयरिश लॉजने दीक्षा दिली. पलटण निघून गेली. मागे राहिलेल्यांना जमण्याची, मिरवणुकीत चालण्याची आणि आपल्या मृतांना पुरण्याची मुभा होती. नवे सभासद घेण्याची नव्हती. म्हणून त्यांनी लंडनकडे अर्ज केला. 'आफ्रिकन लॉज क्रमांक ४५९' ची सनद २९ सप्टेंबर १७८४ ची आहे. ती बॉस्टनला पोचली १७८७ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे मध्ये अडीच वर्षे गेली. सनद अस्सल होती, यावर वाद नाही. तरी इंग्लंडमधल्या दोन ग्रँड लॉजच्या १८१३ च्या एकीकरणानंतर लंडनने ही लॉज पटावरून काढली, आणि तिच्यातून वाढलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रिन्स हॉल ग्रँड लॉजला इंग्लंडने मान्यता दिली ती १९९४ मध्ये. राज्यात आधीच एक ग्रँड लॉज आहे, मग दुसरी कशी, हा आक्षेप दोनशे वर्षे पुरला. शेवटी तिथल्या मूळ ग्रँड लॉजनेच सहमती दिल्यावर कुलूप उघडले.

इंग्लंडची रीत तिसरी. नवी ग्रँड लॉज तयार झाली तरी जुन्या लॉजला आपली इंग्लिश सनद ठेवायची असेल तर ती ठेवू द्यायची. कॅनडातल्या क्वेबेकची ग्रँड लॉज १८६९ ची. माँट्रियलमधल्या तीन इंग्लिश लॉज तिच्यात जाईनात, आणि १८८० च्या दशकात त्यावरून क्वेबेकने इंग्लंडशी व्यवहारच बंद केला.

भारताने हे टाळले ते १९६१ मध्ये. २४ नोव्हेंबरला दिल्लीच्या अशोक हॉटेलात भारताची ग्रँड लॉज स्थापन झाली, रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर. इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड तिघांनी मिळून ती प्रस्थापित केली आणि प्रत्येक लॉजला निवड दिली: या, नाहीतर आपल्या सनदेवर राहा. म्हणून आज मुंबईत भारतीय, इंग्लिश आणि स्कॉटिश अशा तिन्ही सनदींच्या लॉज शेजारी शेजारी आहेत आणि एकमेकींकडे जाऊन येतात. आपल्या लेखकाने ज्यांना 'शाखा' म्हटले, त्यांतल्या भारतीय लॉजचा लंडनशी संबंध पाहुण्या-रावळ्याचा आहे, मालक-नोकराचा नाही.

नवी मुंबईकरांना हे समजायला जड जाऊ नये. वाशीतल्या एकाच इमारतीला जमिनीच्या भाडेपट्ट्यासाठी सिडको आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी महापालिका. कोणाकडे काय मागायचे हे ठरलेले असेल तोवर ठीक. सिडकोचे काम घेऊन पालिकेच्या खिडकीवर उभे राहिलात की दुपार गेली. हद्दीचे झालेच तर पालिकेच्या हद्दीवरची ती चौदा गावे आहेतच; आत-बाहेर, बाहेर-आत.

हे सारे लिहायचे कारण आपल्या लेखाच्या शेवटी असलेली चौकट. परदेशी स्थायिक मराठी मेसन मंडळींनी 'इथून सनद नेऊन तिथे मराठी लॉज काढावी' असा सल्ला तीत आहे. महाराष्ट्र मंडळ असे काढता येते. लॉज नाही, आणि हा सल्ला पाळणाऱ्याचे सभासदत्व जाऊ शकते.

आधी पाहायचे ते त्या देशाचा कायदा. पाकिस्तानात १९७२ पासून बंदी आहे, आखातात तर हा प्रश्न पहिलाच विचारावा. मग तिथे ग्रँड लॉज आहे का. न्यू जर्सीत आहे, तेव्हा अर्ज तिच्याकडेच. भारताची सनद तिथे नेणे म्हणजे हॅम्बुर्गची पुनरावृत्ती. अमेरिकेत बहुधा आधी तात्पुरता परवाना मिळतो, काम पाहून मग कायमची सनद. श्रीलंका, न्यूझीलंडसारख्या ठिकाणी एकाहून अधिक सनदी नांदतात, तिथे कोणाकडे अर्ज करायचा हे आधी ठरवावे. ग्रँड लॉजच नसेल तरच बाहेरून सनद आणण्याचा विचार.

अर्जावर इंग्लिश आणि स्कॉटिश पद्धतीत किमान ७ मास्टर मेसन (तिसरी पदवी मिळालेले सभासद) लागतात. नियोजित मास्टर (लॉजप्रमुख) आणि दोन वॉर्डन (त्याच्या खालचे अधिकारी) यांची नावे अर्जातच द्यायची, जवळच्या चालू लॉजची शिफारस जोडायची. सातच गोळा करून अर्ज टाकणारे हमखास फसतात. मास्टर, दोन वॉर्डन, खजिनदार, सचिव, दोन डीकन (निरोप नेणारे), आतला रक्षक, दाराबाहेरचा पहारेकरी टायलर, हिशेब नऊवर जातो. त्यात दोघे नोकरीपायी दौऱ्यावर असले की बैठक रडत चालते. अठरा-वीस नावे असावीत.

प्रत्येकाचे मूळ लॉजकडून बाकी नसल्याचे प्रमाणपत्र हवे. बहुतेक अर्ज इथेच अडतात: ठाण्याहून गेलेल्याने पाच वर्षांची वर्गणी भरलेली नसते आणि नाव केव्हाच पटावरून उतरलेले असते. पत्रव्यवहारही थेट होत नाही. लॉजचा सचिव, मग विभागीय ग्रँड लॉज, मग आपला ग्रँड सेक्रेटरी, मग तिकडचा ग्रँड सेक्रेटरी, असा तो जातो. ओळखीने तिथल्या लॉजला ईमेल टाकला तर शिष्टाचाराचा भंग धरतात आणि उत्तर येत नाही.

आणि इंटरनेटवर सनद विकणाऱ्या 'ग्रँड लॉज'पासून दूर राहावे. इंग्लंडने ४ सप्टेंबर १९२९ ला मान्यतेची आठ तत्त्वे ठरवली. त्यांतले पहिलेच असे की ग्रँड लॉज ही मान्यताप्राप्त ग्रँड लॉजने किंवा तीन अथवा अधिक नियमित लॉजनी कायदेशीर स्थापन केलेली हवी. या कसोटीत न उतरणाऱ्या लॉजमध्ये नुसते जाऊन बसणेही मूळ लॉजच्या दृष्टीने गुन्हा ठरतो. तिथली भाषा मराठी असली आणि बैठकीनंतर पुरणपोळी असली तरी.

'शाखा' या शब्दाची आणि त्या चौकटीतल्या सल्ल्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (प.)