बोटींना जागा द्या, माणसं आपोआप हलतील

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की मुंबईतल्या वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) किनाऱ्यावर दोन कामांची घाई असते. बोंबील, जवळा वाळवून डबे भरून ठेवायचे आणि १ जूनला मासेमारी बंद होण्याआधी बोटीच्या शेवटच्या फेऱ्या मारून घ्यायच्या. गेल्या काही वर्षांत त्यात तिसरं काम आलंय, दिवसातून दहा वेळा मोबाइलवर वादळ कुठवर आलं ते बघायचं. मी या कोळीवाड्यात सून म्हणून आले तेव्हा पावसाआधी एवढी धास्ती नसायची. सासूबाई १९४८च्या नोव्हेंबरातल्या तुफानाची गोष्ट सांगायच्या, ती आम्ही जुन्या काळातली म्हणून ऐकायचो. मग २००९च्या नोव्हेंबरात ‘फयान’ आलं, कोकणातले कित्येक खलाशी घरी परतलेच नाहीत. २०१७ला ‘ओखी’, ३ जून २०२०ला अलिबागजवळ ‘निसर्ग’, पुढच्याच मेमध्ये ‘तौक्ते’. अरबी समुद्र तापतोय आणि गेल्या चार दशकांत इथल्या वादळांची संख्या, त्यांची मुदत आणि जोर वाढलाय, असं शास्त्रज्ञ सांगतात. आम्हाला ते दारातून दिसतंय.

‘तौक्ते’चा दिवस मला लिहायचाच आहे. १७ मे २०२१. अक्षय्य तृतीया होऊन तीन दिवस झालेले. हवामान खात्याला मी बोल लावणार नाही, तीन-चार दिवस आधीपासून इशारे होते, बंदरात धोक्याचा बावटा लागला होता आणि आमच्या बोटी वेळेत खाडीत परतल्या होत्या. आदल्या संध्याकाळी भोंगा लावलेली गाडी गल्लीतून फिरली. ‘सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे.’ मी गाडी थांबवून विचारलं, दादा, सुरक्षित स्थळ म्हणजे नेमकं कुठलं? तो म्हणाला, शाळेत जा.

सकाळी मी सासूबाईंना घेऊन शाळेपाशी गेले. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. तांदळाच्या डब्यात बोटीचे कागद, पासबुकं आणि सगळ्यांची आधार कार्डं घालून डबा पिशवीत घेतला होता. शाळेला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हतं. शाळेच्या पायरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर ताडपत्री धरून सासूबाई दोन तास बसून होत्या. आमच्यासारखी आणखी दहा-बारा घरं तिथे आली आणि परत गेली. शेवटी एका नातेवाइकाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही आसरा घेतला. करोनाचे दिवस होते, एका खोलीत चौदा माणसं.

पण घरातली पुरुष माणसं तिथे नव्हती. ती खाडीत होती, बोटीवर.

हे बाहेरच्या माणसाला कळत नाही आणि टीव्हीवर तर दरवेळी ‘सूचना देऊनही मच्छीमार हलेनात’ असं म्हणतात. वादळात बोट नुसती बांधून ठेवून चालत नाही. सकाळी वारा मतलईसारखा जमिनीकडून होता तोवर सगळं धरून होतं. वादळ समुद्रातून मुंबईच्या पश्चिमेला सरकलं तसा वारा दक्षिणेकडे फिरला आणि सगळ्या बोटी एकदम फिरल्या. खाडी गाळाने भरलेली, त्यात चार-चार बोटी एकमेकींना चिकटून. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी दोर सैल करायचा, कुणीतरी ओढायचा, इंजिन चालू ठेवायचं. दोर जिथे काठावर घासतो तिथे गोणपाट गुंडाळतात. माझ्या दिरांनी त्या दिवशी सगळे गोणपाट संपल्यावर अंगातला शर्ट काढून गुंडाळला. तोही फाटला. मग शेजारच्या बोटीचा नांगर सुटला, ती येऊन आमच्या बोटीवर आदळली आणि नाळेजवळच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या दोन फळ्या फुटल्या. मी फोनवर रडून सांगत होते, उतरून या. ते म्हणाले, “वहिनी, बोट सोडून मी कुठं जाऊ?”

त्या बोटीवर कर्ज होतं. विमा नव्हता. नंतर पंचनामा झाला, मदतही मिळाली, नाही म्हणणार नाही, पण ती फळ्यांच्या लाकडालाही पुरली नाही.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यातला विक्रम. कुलाब्याला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. सी लिंक, विमानतळ सगळं बंद. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ कामगारांचा पी-३०५ तराफा बुडाला, त्यावर २६१ माणसं होती. इशारा तिथेही पोचलेला होता. मला यातून एवढंच दिसतं की इशारा पोचला म्हणजे माणूस सुटला असं होत नाही.

आणि अजून एक गोष्ट आहे, ती आमच्या लोकांनाच कळते म्हणून लिहिते. त्या दिवशी वैशाख शुद्ध पंचमी होती. अमावास्येचं उधाण ओसरत आलं होतं, पाणी भांगेकडे, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांकडे झुकलं होतं. ‘निसर्ग’ आलं तेव्हा तर वटपौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचं पाणी चढत होतं. मुंबई, ठाणे, रायगडच्या सखल भागात नेहमीच्या भरतीहून एक ते दोन मीटर वर पाणी येऊ शकेल, असा अंदाज तेव्हा हवामान खात्याने दिला होता. वादळ अलिबागच्या बाजूला गेलं, आम्ही वाचलो. पण ऐन पौर्णिमेच्या भरतीला, वाऱ्याने ढकललेलं दोन मीटर जास्तीचं पाणी खाडीत शिरलं तर किनाऱ्यालगतच्या आमच्या घरांत ते कुठवर येईल? सात नंबरच्या गल्लीत की मशिदीपर्यंत की बाजारापर्यंत? हे आम्हाला आजतागायत कोणी नकाशावर दाखवलेलं नाही. ‘ताशी ९० किलोमीटर’ आणि ‘ऑरेंज अलर्ट’ ऐकून आमच्या म्हातारीला काही उमगत नाही. ‘आज दुपारी भरतीला पाणी नेहमीपेक्षा पुरुषभर वर येईल’ असं सांगा, ती स्वतःहून पिशवी भरेल.

दरवेळी वादळ वळतं, हाही एक धोका आहे. २०१९ला ‘वायू’ आणि ‘क्यार’, २०२३ला ‘बिपरजॉय’, २०२५च्या ऑक्टोबरात ‘शक्ती’, सगळी आपल्याला सोडून गेली. लोकांना वाटायला लागलंय की मुंबईला काही होत नाही. ‘बिपरजॉय’ इथून शेकडो किलोमीटर लांब होतं तेव्हा जुहूच्या समुद्रात मुलं बुडाली. त्यांच्या आयांची आठवण आली की आजही घास उतरत नाही.

संपादक महोदय, एक विनंती तुमच्याकडेही आहे. दर मे महिन्यात ‘१८८२च्या वादळात मुंबईत एक लाख माणसं मेली’ हा मजकूर फिरतो आणि काही ठिकाणी छापूनही येतो. असं वादळ झाल्याचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. ते छापू नका. खोट्या भीतीने लोक खऱ्या इशाऱ्याकडे पाठ फिरवतात. त्याऐवजी किनाऱ्यावरच्या प्रत्येक वॉर्डात आसऱ्याची इमारत कुठली, ते मेच्या पहिल्या आठवड्यात छापा. माहीम, वरळी, खारदांडा, मढ, मनोरी, गोराई, सगळीकडचं.

सरकारकडे आणि महापालिकेकडे आमचं मागणं मोठं नाही. खाडीचा गाळ काढा आणि तुफानात कुठल्या वाड्याच्या किती बोटी कुठे लागतील, ते मच्छीमार सोसायट्यांना बसवून आधी ठरवा. ज्या बोटी ओढून वर घेता येतील त्यांच्यासाठी क्रेन आणि जागा ठेवा. रस्ते, प्रकल्प यांसाठी किनारा मोजताना ही जागा आधी मोजा, आणि जी तिवरं (खारफुटीची झाडं) उरली आहेत त्यांना हात लावू नका, लाटेचा मार पहिल्यांदा तीच अंगावर घेतात. बोट सुखरूप आहे हे कळलं की कुठलाही नाखवा खाडीत थांबणार नाही, तो बायकामुलांकडे पळत येईल. आज तो थांबतो, कारण बोट बुडाली तर घरही बुडतं.

आसऱ्याच्या इमारतीचं म्हणाल तर ओडिशाकडे बघा. १९९९च्या महावादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगाव सराव केला, आणि २०१९च्या ‘फनी’ वादळात दहा लाखांहून जास्त लोकांना वेळेत हलवलं. तिथल्या निवाऱ्यांत एरवी शाळा भरतात. आपल्याकडे शाळा आहेतच. कुलपाच्या दोन किल्ल्या कोळीवाड्यातल्या दोन बायकांकडे द्या, पाण्याची टाकी भरलेली ठेवा, संडासाला कडी लावा, आणि वर्षातून एकदा म्हाताऱ्या माणसांना खरोखर चालवत तिथपर्यंत न्या. किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. माझ्या सासूबाईंना त्या दिवशी बावीस मिनिटं लागली होती, पाऊस नसता तर कदाचित पंधरा.

महापालिकेचा मदतीचा १९१६ नंबर आम्हाला पाठ आहे. झाड पडलं, पाणी साचलं की आम्ही तोच लावतो आणि माणसं येतातही, रात्री-अपरात्री भिजत काम करतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण वादळाच्या दिवशी फोन लावून जे विचारायचं, ते आधीच ठरलेलं असायला हवं.

येत्या १५ मेच्या आत एक बैठक आमच्या कोळीवाड्यात घ्या, मत्स्यव्यवसाय खातं, वॉर्ड ऑफिस आणि बंदर खातं तिघांनी मिळून. भरतीची वेळ बघून घ्या, म्हणजे बोटीवरची माणसंही हजर राहतील. बायका तर येतीलच.

आपली विश्वासू,
एक वाचक, वेसावे कोळीवाडा, मुंबई