अण्णा, शनिवारी रात्री काय काय झालं ते

तीर्थरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की अण्णा दोनदा "हं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई म्हणते, "जेवलीस का?" आणि झालं. म्हणून लिहायला बसले. शिवाय शनिवारी आपल्या परमिट रूमची शेवटची रात्र झाली, ते सगळं चौकातून तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत येणारच आहे, त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

अण्णा, तुम्ही पाय सुजलाय म्हणून आला नाहीत. सुजला होताच, मी बघितला. पण असल्याच पायांनी तुम्ही गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वजांच्या मागे चालत गेला होतात, तेव्हा कुणाचं ऐकलं नव्हतंत. मी रागावून म्हणत नाहीये. तुम्ही आला नाहीत तेच बरं, आला असतात तर रात्री एकपर्यंत उभे राहिला असतात.

तर, तुमच्या खुर्चीवर मी बसले. लहानपणी मागच्या दाराच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती, आणि एकदम गल्ल्यावर! पहिला अर्धा तास सगळे मान खाली घालून पीत होते. साखर पेठेतले कारखानेवाले काका तर ग्लास टेबलाखाली धरून बसले. शेवटी पेग भरणारे मामाच त्यांना म्हणाले, "मालक, ती हिशेबाला बसलीय, मोजायला नाही."

आणि हिशेबाचं म्हणाल तर मला एक गोष्ट सापडली. दरवर्षी स्टॉक रजिस्टर आणि बाटल्या जुळवताना माझं डोकं फिरायचं ना, ते का, ते कळलं. मामा तीस एमएलचं माप काठोकाठ भरतात, ग्लासात ओततात, आणि बाटली सरळ करायच्या आधी ती हातभर हवेतून ग्लासावरून नेतात. त्या फेरीत अर्धा घोट पडतो. मी नुसतं बघितलं, तर म्हणाले, "अण्णांनीच शिकवलंय." पंचवीस-तीस वर्षं असं वरचं ओतून तुम्ही धंदा केलात आणि आम्हाला शाळेत पेन्सिल पुरी झिजल्याशिवाय दुसरी दिली नाहीत!

लक्ष्मी-विष्णू मिलमधले तुमच्या खात्यातले चौघे एकत्र आले. त्यातल्या जॉबर (म्हणजे मुकादम) आजोबांनी दारू कधीच सोडलीय, तरी खिडकीखालच्या त्यांच्या जागी बसून नुसता सोडा प्यायले आणि त्याचे पैसे देण्यावरून माझ्याशी भांडले. आत आल्या आल्या त्यांनी विचारलं, "अण्णा येल्ली?" मी म्हटलं, घरी आहेत, पाय दुखतोय. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आई, तुझी शेंगाचटणी नऊ वाजताच संपली. दोघांनी कागदात बांधून नेली. कडक भाकरीचा तुकडा शिल्लक राहिला नाही.

सगळंच असं गोड नव्हतं. एकाने गटारीपाशी ओकून ठेवलं, एकाने बिलावरून आवाज चढवला. भाषण करायला उठलेल्याला मी खाली बसवलं.

पुढचं लिहू की नको, असं दोनदा वाटलं. आई, विड्या वळणाऱ्या मावशी मागच्या दारी आल्या होत्या. त्याच, ज्यांना तू पगाराच्या दिवशी बसवून ठेवायचीस आणि अण्णा ज्यांच्या नवऱ्याला दोन पेगच्या वर द्यायचे नाहीत. मी दार उघडलं तर म्हणाल्या, "बंद केलीस, लई बरं केलीस." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर आता त्यो लांब जाईल. हितनं तरी चालत घरी येत हुता." माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णा, हे तुम्हाला लागावं म्हणून सांगत नाही. तुम्ही त्या माणसाचं माप सांभाळत होतात, हे त्यांना ठाऊक आहे, एवढंच.

मी बंद का केलं ते पुन्हा लिहिते, कारण समोर बोलताना तुम्ही पंखा वाढवायला उठता. २०१७ साली कोर्टाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं १ एप्रिलपासून बंद केली, तेव्हा तुम्ही रोज सकाळी जाऊन शटर अर्धं वर करून रिकाम्या हॉटेलात बसत होतात. पुढे शहरातल्यांना सूट मिळाली, तर २०२० चं लॉकडाऊन आलं. तरी उभे राहिलात. पण २०२३ च्या नोव्हेंबरपासून परमिट रूमचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, मग २०२५ मध्ये परवान्याची फी १५ टक्क्यांनी वाढली, वर दारूवरचं उत्पादन शुल्क वाढलं. १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवले, तेव्हा तुम्हीही ठेवलात; त्याने काय फरक पडला? आपल्याकडे येणारा माणूस क्वार्टर वाइन शॉपमधून घेऊन यंत्रमागाच्या शेडमागे बसतो, त्याला तो दर परवडत नाही. हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीच नसतं तरी मी या मार्चला फी भरली नसती. स्टेंट टाकलेल्या माणसाने रात्री दीडला शटर ओढायचं नसतं. झालं.

बार्शीच्या स्थळाचा यात काही संबंध नाही. आई, तुझ्या मनात ते येणार, म्हणून आधीच लिहून टाकते.

तुम्ही रात्री आलात की आधी मोरीत जायचात, साबणाने हात-तोंड धुऊन, बनियन बदलूनच आमच्याजवळ यायचात. मी झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायचे, कारण उशाशी खाऱ्या चण्यांची पुडी ठेवताना तुम्ही माझं पांघरूण सारखं करायचात. फुकटात दोन गोष्टी मिळायच्या.

आता ऐका. जागेचं भाडं पाच तारखेला आईच्या खात्यात येईल, अण्णांच्या नाही. त्यावर चर्चा नाही. मामांना नव्या भाडेकरूने दुकानात ठेवून घेतलंय, आचारी गावी जाणार होता, त्याचे पैसे चुकते केले. उधारीची वही देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. ती काढून वसुलीला फिरायचं नाही, अण्णा, आणि आई, तूही ती रद्दीत घालायची नाहीस. कूलरचं गवत बदलून घेतलंय, पण पाणी येईल त्या दिवशी टाकी भरायला अण्णांनी जिन्यावर चढायचं नाही. खालच्या पोराला महिन्याचे पैसे दिलेत, त्याला हाक मारा. सकाळी ऊन चढायच्या आत सिद्धेश्वराला जाऊन या. तळ्याकाठी बसा, सगळे जॉबर तिथेच भेटतील. रात्रीची गोळी साडेनऊला, आता दीडला घ्यायचं कारण उरलं नाही. एक्साइजच्या ऑफिसातून कुणी शिल्लक मालाच्या यादीचं विचारायला आलं तर चहा द्या, पण मला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.

मे महिन्यात दोघांनी इकडे यायचं. हुतात्मा एक्सप्रेसची तिकिटं काढलीत, खिडकी आईला. येताना चटणी आण, आई, पण थोडीच आण, मागच्या वेळी पिशवीला तेल लागलं होतं. आणि अण्णा, तुमचं ते पितळी माप मी घेऊन आलेय, न विचारता. हवं असेल तर मे महिन्यात येऊन घेऊन जा.

तुमची,
थोरली