‘बरं आहे’ या उत्तरावर थांबू नका

संपादक महोदय,

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी ५० टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे आपल्या वॉर्डांत परराज्यांतून आलेले निवासी डॉक्टर असतात. मुलं कष्टाळू असतात, ‘कुठं दुखतंय’, ‘जेवलात का’ एवढं लवकर बोलू लागतात. अडतं ते ‘बरं’ या शब्दापाशी. सर्जरी वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी करताना हे मी सतत पाहिलं.

राउंडला डॉक्टर विचारतात, “आजी, कसं वाटतंय?” आजी म्हणते, “बरं हाय.” केसपेपरवर लिहिलं जातं, तक्रार नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले की तीच आजी मला खुणेनं बोलावते, “शिस्टर, रातभर डोळ्याला डोळा न्हाई.” ती खोटं बोललेली नसते, मोठ्या माणसानं विचारपूस केली, तिनं मान राखला. ‘आता बरं हाय’ म्हणजे रात्री हाल झालेत. ‘तसं बरं हाय’ म्हटलं की जरा थांबावं, मागून ‘पण’ येतोच.

ऑपरेशनची माहिती ऐकताना नातेवाईक प्रत्येक वाक्याला ‘बरं… बरं’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘ऐकतोय, पुढं सांगा’ इतकाच. ते समजलं असं धरून संमतिपत्र पुढं करणं मला कधीच पटलं नाही. एकदा एका बाईनं नवऱ्याबद्दल विचारलं, “यांचं काही बरंवाईट तर होणार नाही ना?” तरुण डॉक्टरांनी त्यातलं ‘बरं’ तेवढं उचललं आणि हसून म्हणाले, “होणार, होणार!” बाई मटकन खाली बसली. तिला समजावता समजावता माझे हात थरथरत होते.

‘बरं वाटतंय’ आणि ‘बरा झालो’ यांतला फरक तर आपल्या लोकांनाही सांगावा लागतो. क्षयाची औषधं साधारण सहा महिन्यांची. पण ताप-खोकला त्याच्या कितीतरी आधी कमी होतो. मग ‘बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या’ असं सांगत माणूस परत येतो, आणि तोवर जंतू औषधाला दाद देईनासे झालेले असू शकतात.

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा आहे. पण केरळात एमबीबीएस झालेला डॉक्टर तिथं मल्याळम शिकतो आणि पदव्युत्तरसाठी आपल्याकडे येतो. म्हणून माझी वैद्यकीय शिक्षण विभागाला विनंती आहे, की नव्या निवासी डॉक्टरांना रुजू होतानाच मराठीचे काही तास द्यावेत. ते वर्गात, पुस्तकावरून नकोत. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर आणि आयांबरोबर, खाटेशेजारी उभं राहून व्हावेत. त्यासाठी बोलावलं तर मी विनामोबदला यायला तयार आहे.

— एक निवृत्त परिचारिका, सांगली