राजाबाई टॉवर पाहून आल्यावर देवगडच्या मैत्रिणीस

अलिबाग,
१२ जानेवारी

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "मुंबईत एका दिवसात काय काय पाहिलंत?" मी "विद्यापीठ" म्हटलं, तर तू क्षणभर गप्पच झालीस. एवढं सगळ्यांना घेऊन गेले ते राणीची बाग सोडून विद्यापीठ बघायला, असंच वाटलं असेल तुला. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र लिहितेय.

तुझ्यामाझ्या पदवीच्या कागदावर मुंबई विद्यापीठाचं नाव आहे. आपण परीक्षा अलिबागेत दिल्या, पदवीचे कागदही कॉलेजातच हातात पडले. ते विद्यापीठ दिसतं कसं, हे आपल्यातल्या किती जणींनी पाहिलं असेल? लाँचने गेटवेला उतरायचं, खरेदी करायची, दवाखान्याचं काम उरकायचं आणि शेवटच्या लाँचने परत, एवढीच आपली मुंबई. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसायचा तोही बसच्या खिडकीतून. थोरली यंदा बारावीला. पुढे कुठे शिकायचं यावर घरात रोज चर्चा चालते. तिने काहीही ठरवावं, पण त्याआधी ही जागा डोळ्यांनी पाहावी, एवढं माझ्या मनात होतं.

ह्यांचे मावसभाऊ तिथे नोकरीला आहेत, त्यांनी आत जायची परवानगी काढून ठेवली होती. शनिवारी सकाळी मांडव्याची बस धरली. हे, आई, दोन्ही मुलं आणि मी. आईंनी पहाटे उठून घावणे केले आणि ओल्या नारळाची चटणी डब्यात भरली. समुद्र शांत होता, तासाभरात गेटवेला लागलो. धाकट्याने वाटेत नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांची नावं वाचून दाखवली. लाँचबद्दल याहून जास्त काय लिहू, तुला ती पाठ आहे.

गेटवेपासून चालतच गेलो. काळा घोडा, डेव्हिड ससून लायब्ररी आणि पुढे विद्यापीठ. पुस्तकांतून वाचलेलं इथे एकाला एक लागून उभं आहे. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या या इमारती जागतिक वारशात घेतल्या. मैदानाच्या एका अंगाला दगडी गॉथिक इमारती, समोरच्या अंगाला नंतरच्या काळातल्या आर्ट डेकोच्या गोलसर गॅलऱ्या.

टॉवर जवळून पाहिला आणि मान दुखेपर्यंत वरच बघत राहिले. २८० फूट उंच! सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आराखडे इंग्लंडमध्ये बसून काढले, तो मुंबईत कधी आलाच नाही. १८६९ साली काम सुरू झालं आणि १८७८ साली पुरं झालं. दगड कुर्ल्याचा, पिवळसर. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत त्यांनी गडगंज कमावलं आणि १८६४ मध्ये विद्यापीठाला देणगी दिली. पुढे १८६५ मध्ये बाजार कोसळला, कितीतरी घरं धुळीला मिळाली, पण हा टॉवर उभा राहिला. नाव दिलं आईचं, राजाबाई. हे ऐकून आमच्या आईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वर पाहिलं. म्हणाल्या, "मुलाने आईचं नाव शाळेला द्यावं, याहून मोठं श्राद्ध नाही." दर पाव तासाला घंटा होते. पहिली घंटा झाली तेव्हा धाकटा दचकलाच. टॉवरच्या अंगाखांद्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत. खालून पगड्या तेवढ्या ओळखू येतात.

आता दीक्षान्त सभागृहाचं सांगते, कारण माझं मन तिथेच राहिलंय. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १८७४ साली ते पुरं झालं. आत पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली येतो. एका टोकाला रंगीत काचांची भलीमोठी गोल खिडकी आहे आणि तिच्यात बारा राशींची चित्रं. सोबतचे गृहस्थ ती इंग्रजीतून समजावू लागले, तोच आई पुढे झाल्या. मेष, वृषभ, मिथुन, कर्क... बोट दाखवत त्यांनी एकेक रास सांगितली. रोज पंचांग वाचणाऱ्या बाईला चित्रं ओळखायला भाषा कशाला लागते? ते गृहस्थ गप्प होऊन ऐकत राहिले. चौथीनंतर आईंची शाळा सुटली, हे तुला ठाऊक आहे. त्या सभागृहात त्या दिवशी त्या शिकवत होत्या आणि माझी लेक त्यांचा हात धरून उभी होती. मला फार भरून आलं.

मग मी लेकीला ठरवून आणलेलं सगळं सांगितलं. हे विद्यापीठ १८ जुलै १८५७ चं, उठावाच्या वर्षातलं. सुरुवातीला त्याला स्वतःची इमारतही नव्हती, कारभार टाउन हॉलमधून चालायचा. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हे मालवणात जन्मलेले, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले. कोकणातून मुंबई म्हणजे तेव्हा गलबताचा प्रवास, वारा देईल तितके दिवस. तोच मुलगा पुढे याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पांडुरंग वामन काणे, आपल्या चिपळूणकडचे, दापोलीत शिकलेले, तेही कुलगुरू झाले आणि १९६३ साली भारतरत्न. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट तर आपल्याला शाळेतच सांगितली होती. परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि लहान दिसतात म्हणून बसूच दिलं नाही. तेच १८८४ साली या विद्यापीठाचे बी.ए. झाले आणि १९१६ साली त्यांनी बायकांसाठी वेगळं विद्यापीठ काढलं. मंडणगडजवळच्या आंबडव्याचं मूळ असलेले बाबासाहेबही इथलेच पदवीधर. शिवाय तुमच्या तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर! विद्यापीठ निघायच्या आधीच ते गेले, पण १८३२ साली 'दर्पण' हे वर्तमानपत्र काढून आणि एल्फिन्स्टनमध्ये शिकवून त्यांनी या शहरात विद्येचा पाया घातला होता.

शैला, ही माणसं गर्भश्रीमंत घरांतली नव्हती. भांडारकरांचे वडील कारकून होते. भाताची खाचरं, कौलारू घर, पावसात तुटणारी वाट, सगळं आपल्यासारखंच. लेकीला तिथे उभं करून मला एवढंच म्हणायचं होतं की या दगडी कमानींसमोर बिचकायचं काही कारण नाही. हे घर आपल्या माणसांनीही उभं केलंय. पाहुणी म्हणून नको, हक्काने आत ये.

यावर ती काय म्हणाली ऐक. "मग आई, सावंतवाडीच्या मुलीला इथे यायला अख्खी रात्र का लागावी? विद्यापीठ तिच्याकडे का जात नाही?" रत्नागिरीत उपकेंद्र आहे, हे मी सांगितलं. कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवं ही मागणी जुनी आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, "नुसती मागणीच ना?" मला तिचं पटलं. एरवी मी म्हणत आले की मुंबईचं नाव पदवीवर असलं की नोकरीला वजन येतं. ते खरंच आहे. पण ज्या पोरीला घरून मुंबईला पाठवतच नाहीत, तिच्या पदवीवर कोणाचंच नाव येत नाही. कोकणाला आपलं विद्यापीठ मिळायलाच हवं, असं मला आता मनापासून वाटतं. तुझं मत कळव, तू तर त्या टोकालाच राहतेस.

घावणे ओव्हल मैदानाच्या कडेला सावलीत बसून खाल्ले. मैदानात एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे डाव चालू होते. धाकट्याला तिथून उठवणं कठीण गेलं. दुपारनंतर आईंचे पाय दुखू लागले, म्हणून एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या राहिल्या. टॅक्सीने गेटवेला आलो आणि उजेड असतानाच मांडव्याला पोचलो.

लेकीचं अजून ठरलेलं नाही. इतिहास घेईन म्हणते, ह्यांना वाटतं कॉमर्स बरं. मी मध्ये पडत नाही. मात्र त्या दिवसापासून ती काण्यांबद्दल वाचतेय, आणि आईंना राशींवर प्रश्न विचारून भंडावून सोडतेय.

तुझ्या लेकीचीही बारावी आहे. परीक्षा संपली की तिला घेऊन आमच्याकडे ये. मे महिन्याच्या अखेरीस पावसासाठी लाँच बंद होतात, तेव्हा त्याआधीच यायचं ठरव. आत जायच्या परवानगीचं मावसभावजींना मी सांगून ठेवते. दोघी पोरींना घेऊन पुन्हा जाऊ, राहिलेल्या पायऱ्याही चढू. येताना कुळथाचं पीठ आण, आमच्या आईंना तुमच्याकडचंच लागतं. मी पांढऱ्या कांद्याच्या माळा बाजूला काढून ठेवते.

भावजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. उत्तर लवकर लिही, आणि फोनवर नको, पत्रानेच लिही.

तुझीच,
सुधा